ज्याने मला बघितलंच नाही, तो मला खोटारडा कसा ठरवतो? (ज्युरी बरी की जज बरा)

गड्ड्यावरचा_पाळणा | १३ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

काल १२ जानेवारी. दरवर्षीप्रमाणे सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन आलो. धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन. १९३१ मध्ये इंग्रजांनी येरवड्यात फाशी देऊन ९५ वर्षं झाली. शेजारी एक कॉलेजचं पोरगं मित्राला सांगत होतं, "तवा पोलीस बी त्यांचाच, जज बी त्यांचाच, मार्शल लॉ बी त्यांचाच. काय न्याय मिळणार बे?" ते ऐकलं आणि बरेच दिवस मनात कोंडून ठेवलेलं लिहायला बसलो.

२०१६ साली मी नोकरीनिमित्त दुसऱ्या एका जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी होतो. (गाव विचारू नका.) संध्याकाळी टपरीवर चहा पीत होतो. पोलिसांची गाडी थांबली. "साहेब, दहा मिनिटं चला, पंच पाहिजे." नाही म्हणायची हिंमत कुणाची? ठाण्यात नेऊन बाहेर व्हरांड्यात बसवलं. आत आरोपीचं निवेदन लिहून घेणं चालू होतं. मग सगळे गाडीत बसलो, एका उसाच्या फडाजवळ उतरलो, आरोपीने बांधावरच्या झुडपातून काठी काढून दिली. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा झाला. अंधार पडला होता. "इथं सही, इथं पण सही." केल्या. वाचलं काही नाही. माझी चूक, मान्य.

२०१९ ला समन्स आलं. कोर्टात खरं तेच सांगितलं. काठी माझ्यासमोर निघाली, सह्या माझ्या आहेत. पण "काठी लपवून ठेवली आहे, काढून देतो" असं आरोपी तुमच्यासमोर म्हणाला का, याला नाही म्हणालो, कारण तेव्हा मी व्हरांड्यात होतो. सरकारी वकिलांनी तिथल्या तिथं मला फितूर जाहीर करून माझीच उलटतपासणी घ्यायची परवानगी मागितली. फितूर! आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द स्वतःला लागलेला ऐकला. जज वयस्कर होते, शांतपणे ऐकून घेत होते. एकदा माझ्याकडे बघून "पाणी पाहिजे का" म्हणून पण विचारलं.

मग त्यांची बदली झाली. मग कोरोना. मग दुसरे जज आले, ते पण गेले. तिसऱ्यांनी २०२४ मध्ये निकाल दिला, आरोपी सुटला. मागच्या महिन्यात सहज ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या सरकारी साइटवर) निकालपत्र उघडलं तर त्यात माझ्याबद्दल एक ओळ: "पंच साक्षीदार क्र. २ हा सत्य लपवीत असल्याचे दिसते."

दिसते? कुणाला दिसतं? ज्या माणसाने मला उभ्या जन्मात बघितलं नाही, त्याला?

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. यापेक्षा ज्युरी बरी नव्हती का? बारा साधी माणसं समोर बसलेली. तीच ऐकणार, तीच ठरवणार. जाणकारांनी बोला.

रोखठोक_सातरस्ता | रात्री ९.५८

ज्युरी? नानावटी विसरलास का बे? खून केलेल्या माणसाला ज्युरीने सोडून दिलं, कारण तो नेव्हीच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये देखणा दिसत होता. म्हणून तर सरकारने ज्युरी बंद केली. विषय संपला.

एलएलबी_तिसरं_वर्ष | रात्री १०.२०

दादा, विषय संपला नाही, अर्धाच सांगितलात. 🙂

एप्रिल १९५९ मध्ये कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, मुंबईत गोळ्या घातल्या. नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण सेशन्स जजना (सत्र न्यायाधीशांना) तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हे सांगताना लोक घाईत असतात. १८९८ च्या जुन्या फौजदारी संहितेच्या ३०७ कलमात ती सोय होतीच. हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. म्हणजे ज्युरी चुकली, असं धरलं तरी ती चूक पकडणारी जाळी त्याच व्यवस्थेत होती.

आणि ज्युरी नानावटीमुळे गेली असंही नाही. लॉ कमिशनने (कायद्यात सुधारणा सुचवणारा आयोग) १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या सुटायच्या आधी, ज्युरी काढून टाका म्हणून लिहिलं होतं. पूर्ण गेली ती १९७३ च्या नव्या संहितेने, १९७४ पासून.

(परीक्षेला आलं होतं. सात मार्कांना.)

रोखठोक_सातरस्ता | रात्री १०.२४

सातपैकी किती पडले ते पण सांग.

एलएलबी_तिसरं_वर्ष | रात्री १०.२५

साडेतीन. "मुद्देसूद नाही" असा शेरा आला.

काळाकोट | १४ जानेवारी, सकाळी ७.१०

संक्रांतीच्या शुभेच्छा. तीळगूळ घ्या आणि धाग्यावर तरी गोड बोला.

पाळणा, तुमचा राग समजू शकते. वीस वर्षं फौजदारी प्रॅक्टिस करतेय, असे पंच रोज बघते. पोलीस ज्याला हाताला लागेल त्याला उचलतात. कायद्यात "त्या भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी" असं लिहिलंय. प्रत्यक्षात टपरीवरचा माणूस, नाहीतर पालिकेतला कर्मचारी, नाहीतर ज्याने आधी दहा पंचनाम्यांवर सह्या केल्यात असा नेहमीचा गडी. तुम्ही खरं बोललात आणि फितूर ठरलात, यात नवल काही नाही. फितूर म्हणजे खोटारडा असं कायदा म्हणत नाही. ज्या पक्षाने बोलावलं त्या पक्षाच्या उपयोगी पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. फितूर साक्षीदाराचा जेवढा भाग खरा वाटतो तेवढा कोर्ट घेऊ शकतं.

आता जजच्या बदलीचं. १९७३ च्या फौजदारी संहितेचं कलम ३२६, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६५. एकाने नोंदवलेल्या पुराव्यावर दुसरा निकाल देऊ शकतो. पूर्वी ही मुभा फक्त मॅजिस्ट्रेटपुरती होती, सेशन्स जजला नव्हती. १९७८ च्या दुरुस्तीने ती सेशन्सलाही मिळाली. म्हणजे कधी काळी कायद्यालाही वाटत होतं की फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात ज्याने ऐकलं त्यानेच ठरवावं. खटले तुंबले आणि ते वाटणं मागे पडलं. नव्या जजला गरज वाटली तर तो साक्षीदाराला पुन्हा बोलावू शकतो, तसं कलमातच आहे. बोलावतात कितीदा, ते विचारू नका.

तुमची दुखरी नस तिथे आहे. ज्युरी आणि जज हा त्यातला वेगळा प्रश्न.

मागवाला_साखरपेठ | सकाळी ८.०५

मी कोर्टातला माणूस नव्हे, पॉवरलूमवाला आहे. पण बारा माणसं म्हणालात म्हणून विचारतो, कुठली बारा?

आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, दुकानात मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड, त्याच्या पलीकडं उर्दू. माझ्या आजीला मराठी समजायचं पण बोलताना अडखळायची. ती साक्षीदार असती आणि ज्युरीत विजापूर रोडचे बारा जण असते, तर त्यांना ती "अडखळतेय म्हणजे खोटं बोलतेय" असंच वाटलं असतं ना?

टिळकांचं काय झालं? १९०८ चा खटला. लेख मराठीत, केसरीतले. ज्युरीत नऊ जण, त्यातले सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेखाचा इंग्रजी तर्जुमा करून त्यांना ऐकवला. टिळक दिवसेंदिवस उभे राहून सांगत होते की हा तर्जुमा चुकीचा आहे, या शब्दाचा अर्थ तसा होत नाही. निकाल ७ विरुद्ध २. सहा वर्षं मंडाले. १८९७ च्या खटल्यात पण तेच गणित. सहा युरोपियन, तीन हिंदी, निकाल ६ विरुद्ध ३. ज्युरी होती की! उपयोग?

एलएलबी_तिसरं_वर्ष | सकाळी ८.३०

आणि १९०८ ला निकाल देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्याच बाजूचे वकील होते. 😐 म्हणजे जज ओळखीचा असून पण काही फरक पडला नाही.

सॅनहोजेचा_सोलापूरकर | सकाळी ९.१५ (इथे रात्र आहे)

मी स्वतः ज्युरीत बसलोय. धाग्यावर तसा मी एकटाच दिसतो, म्हणून जरा सविस्तर.

सिटिझन झाल्यावर दोन वर्षांनी टपालाने समन्स आलं. गेलो. मोठ्या हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं, आपल्या एसटी स्टँडसारखी. त्यातले साठ-एक जण एका कोर्टरूममध्ये पाठवले. मग सुरू झाली निवड. जज आणि दोन्ही बाजूंचे वकील एकेकाला विचारतात. काय काम करता, घरात कुणी पोलिसात आहे का, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा तुम्हाला किंवा घरच्यांना कधी त्रास झालाय का. (खटला त्याचाच होता.) एका बाईंचा भाऊ तशाच अपघातात गेला होता. बोलता बोलता त्या रडल्या. जजनी आभार मानून त्यांना जाऊ दिलं. एक जण म्हणाला, पोलीस खोटं बोलत नाहीत असं मी मानतो. तोही गेला. ही छाननी बघून मला खरंच बरं वाटलं. आपल्याकडे कुणी कुणाच्या बाजूचा आहे हे कोर्टाबाहेरच्या टपरीवर कळतं, तिथे ते भर कोर्टात विचारतात.

पैसे? पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर. आमच्या इथे त्यात दुपारचं जेवण कसंबसं निघतं. माझ्या कंपनीने पगार दिला म्हणून ठीक. टॅक्सी चालवणारा एक जण हात जोडून सांगत होता की तीन दिवस बसलो तर भाडं थकेल. त्याला सोडलं. म्हणजे शेवटी उरले कोण? पगारी नोकरीवाले आणि पेन्शनर. मागवाले, तुमचा प्रश्न तिथे पण आहे, फक्त इंग्रजीत.

खटला तीन दिवसांचा. आतल्या खोलीत आम्ही बारा जण, पहिलं मत घेतलं तेव्हा ९ दोषी, ३ निर्दोष. मी नऊमध्ये होतो. फौजदारीत तिथे बाराच्या बारा एकमत लागतं. त्या तिघांतली एक निवृत्त शाळामास्तरीण म्हणाली, "ऑफिसर म्हणाला पायाखाली रेषेवर चालायला लावलं. फोटोत तिथे रेषाच नाही." आम्ही सगळ्यांनी तो फोटो दोन दिवस बघितला होता. रेषा नाही हे कुणालाच दिसलं नव्हतं. फोटो पुन्हा मागवला. चार तास डोकं लावलं. शेवटी एकमताने निर्दोष.

एकटा जज असता तर त्याला ती रेषा दिसली असती का? कदाचित लगेच दिसली असती, रोजचं काम आहे त्याचं. कदाचित रोजचं काम आहे म्हणूनच दिसली नसती. मला अजून ठरवता आलेलं नाही.

रोखठोक_सातरस्ता | सकाळी ९.४०

तुमचा माणूस खरंच प्यायला होता का नव्हता?

सॅनहोजेचा_सोलापूरकर | सकाळी ९.४२

माहीत नाही. शंका होती, ती नीट फिटली नाही, एवढंच.

रोखठोक_सातरस्ता | सकाळी ९.४७

म्हणजे प्यायला होता. 😄

कडकभाकरी | दुपारी १२.३०

मी शिक्षिका, आता निवृत्त. लोकअदालतीच्या पॅनेलवर सामाजिक कार्यकर्ती म्हणून चार-पाच वेळा बसले आहे. तेव्हा "सामान्य माणूस न्याय करतो" म्हणजे काय याचा थोडा अनुभव मलाही आहे.

लोकअदालतीत निकाल लादत नाहीत, तडजोड घडवतात. तडजोड झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. धनादेश न वटल्याची प्रकरणं, मोटार अपघाताची भरपाई, असं. माझं काम काय, तर दोन्ही पक्षांना समजावणं. न्यायाधीश कायद्याचं सांगतात, मी म्हणते "अहो मामा, दहा वर्षं भांडताय, नातवाच्या लग्नाला भाऊ यायला नको का?" मजा वाटायची. पण एकदा लक्षात आलं की मी समजावत असलेली बाई फक्त माझं मन मोडू नये म्हणून मान हलवतेय. मी गोड बोलत होते, आणि गोड बोलण्याचाही दाब असतो. त्यानंतर मी कमी बोलायला लागले.

दुसरी गोष्ट. बाल न्याय मंडळ आठवा. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक बाई असावीच लागते. २०२४ चं पुण्याचं पोर्श प्रकरण. अपघात करणाऱ्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला म्हणून देशभर ओरड झाली. लोक "बघा हे जज" म्हणून शिव्या घालत होते. पण तो आदेश देणारा सदस्य न्यायाधीश नव्हताच. तो मंडळावरच्या दोन बिगरन्यायिक सदस्यांपैकी एक होता. पुढे सरकारने त्या दोघांनाही काढलं. आपल्याकडे सामान्य माणूस न्यायासनावर बसतच नाही हा समज चुकीचा आहे. बसतो, पण कळतं ते चुकल्यावरच.

निवृत्त_शिरस्तेदार | संध्याकाळी ५.२०

नमस्कार. ३४ वर्षं कोर्टात नोकरी करून निवृत्त. माझे वडीलही कोर्टात कारकून होते (जिल्हा वेगळा). त्यांच्या वेळचं सांगतो.

ज्युरी ही मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणची गोष्ट. बाकी बहुतेक जिल्ह्यांत सेशन्सला असेसर असत. गावातले दोन-चार प्रतिष्ठित, सावकार, निवृत्त मामलेदार, अशी माणसं जजशेजारी बसत. शेवटी जज प्रत्येकाला विचारणार, तुमचं मत काय? ते सांगणार दोषी किंवा निर्दोष. आणि जज ते लिहून घेऊन स्वतःला वाटेल तोच निकाल देणार, कारण असेसरचं मत बंधनकारक नव्हतं. वडील म्हणत, "असेसर म्हणजे लग्नातला मामा. उभा राहतो, फेटा बांधतो, पण मुलगी कुणाला द्यायची ते त्याला कुणी विचारत नाही." १९५५ च्या दुरुस्तीने असेसर गेले. कुणी रडलं नाही.

पाळणासाहेब, "पंच" या शब्दाचाच प्रवास बघा. पाचामुखी परमेश्वर म्हणायचो आपण. शिवकाळात, पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेत (भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेत) निघायचा, हजर असलेल्यांच्या साक्षी-निशाण्या घेऊन महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. १८१८ ला इंग्रज इथं आले. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावर अहवाल लिहिला, त्यात त्याने पंचायतीचा मोठा विचार केलाय. तेव्हा पंच ठरवायचा. आज पंच बॉनेटवर सही करतो. दोनशे वर्षांत खुर्चीवरून बॉनेटवर.

पण म्हणून जुनं सोनं म्हणू नका. गोतसभेत कोण बसायचं आणि कोण दाराबाहेर उभं राहायचं हे मी सांगायला नको. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याचा धंदा आपल्या डोळ्यांसमोर चालला, त्यासाठी राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, २०१७ पासून लागू आहे. "आपली माणसं न्याय करतील" हे वाक्य ऐकायला गोड आहे. आपली म्हणजे कुणाची, एवढं विचारा.

म्हणूनच जजला गावापासून तोडून ठेवतात. स्वतःच्या जिल्ह्यात सहसा नेमणूक नाही. लग्नाकार्याला जाताना दहादा विचार. तीनेक वर्षांत बदली. मी असे साहेब बघितलेत जे भाजी आणायला पण शिपायाला पाठवत, कंजूषपणा म्हणून नव्हे, बाजारात कुणी "साहेब, आमची केस..." म्हणून गाठू नये म्हणून. नेमणूक-बदली कलेक्टरच्या किंवा मंत्र्याच्या हातात नाही, हायकोर्टाच्या देखरेखीखाली. राज्यघटनेत कलम ५० आहेच, न्यायपालिका कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवा म्हणून. चार पुतळ्यांपाशी ते पोरगं जे बोललं, त्यावरचं उत्तर या कलमात आहे.

गंमत बघा. ज्या बदलीने जज गावकीपासून सुरक्षित राहतो, त्याच बदलीने तुमचं तोंड बघितलेला जज गेला आणि तोंड न बघितलेला आला.

काळाकोट | संध्याकाळी ५.५०

काका, 🙏. शेवटचं वाक्य मी उद्या कोर्टात चोरणार आहे.

मागवाला_साखरपेठ | संध्याकाळी ६.१५

ज्युरीचं अजून एक. आमच्याकडं पीसवर काम. माग बंद म्हणजे पैसा बंद. तीन दिवस सलग कोर्टात बसायचं म्हटलं तर कुठला कामगार येणार? आणि आपल्याकडं खटला तीन दिवसांत कुठं संपतो? तारीख, तारीख, तारीख. ज्युरीतला माणूस २०१९ ला साक्ष ऐकणार आणि २०२४ ला मत देणार? तोवर त्याला आरोपीचं नाव तरी आठवेल का?

काळाकोट | संध्याकाळी ६.४०

बरोबर बोट ठेवलंत. ज्युरी हवी असेल तर आधी सलग सुनावणी हवी, आणि सलग सुनावणी झाली तर ज्युरीची गरजच निम्मी कमी होते. नानावटी खटला महिन्याभरात उरकला होता. आपल्या कायद्यातही लिहिलंय की साक्षी सुरू झाल्या की रोजच्या रोज चालवा. नागरिक सुरक्षा संहितेने तर तहकुबीवर दोनदाच अशी मर्यादा घातली. युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, कारण देऊन ४५ पर्यंत. कागदावर सगळं आहे. पण १९८७ मध्ये लॉ कमिशनने दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत म्हटलं, आज जेमतेम विशीच्या आसपास आहोत. देशात पाच कोटींच्या वर प्रकरणं पडून. एका दिवसाच्या बोर्डावर (यादीवर) साठ-सत्तर प्रकरणं असतील तर जज रोजच्या रोज कुणाचं चालवणार?

जजच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगतेच. तुम्ही जी ओळ वाचून चिडलात, ती तुम्हाला वाचायला मिळाली. ज्युरी कारण देत नाही. "दोषी" किंवा "निर्दोष", एवढंच. का, ते आतल्या खोलीत राहतं. जजला कारणं लिहावीच लागतात, आणि लिहिली की वरच्या कोर्टात कुणी तरी म्हणू शकतो, ही ओळ चुकली. नानावटीत हायकोर्टाने ज्युरीचा कौल उलटवला तो कशाच्या जोरावर? जजने ज्युरीला कायदा समजावताना चुका केल्या होत्या, त्या बोलण्याची नोंद होती म्हणून. ज्युरीच्या मनात काय होतं ते कुणालाच तपासता आलं नसतं.

सॅनहोजेचा_सोलापूरकर | रात्री ८.००

यावर थोडा विरोध. कारण द्यावं लागत नाही म्हणूनच ज्युरी सरकारला घाबरत नाही. लंडनला १६७० मध्ये विल्यम पेन नावाच्या माणसावर रस्त्यात प्रवचन केलं म्हणून खटला चालला. ज्युरी दोषी म्हणेना. जजने त्यांना कोंडून ठेवलं, खायला-प्यायला नाही. तरी ऐकेनात, तेव्हा दंड केला. बुशेल नावाच्या ज्युररने दंड भरला नाही, तुरुंगात गेला, आणि वरच्या कोर्टाने ठरवलं की निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. एखाद्या जजला नको तो निकाल दिल्याबद्दल गैरसोयीची बदली मिळू शकते. बारा शिक्षक-किराणावाल्यांना कुठे बदली देणार?

निवृत्त_शिरस्तेदार | रात्री ८.२०

मुद्दा वजनदार आहे. पण किराणावाल्याच्या दुकानाला रात्री काडी लावता येते साहेब. जजला निदान बंदोबस्त असतो.

रोखठोक_सातरस्ता | रात्री ८.३१

आता कोल्हापूरचं पण बोला की. २०२५ च्या ऑगस्टपासून आपल्या सोलापूरकरांना हायकोर्ट म्हणजे कोल्हापूरचं बेंच. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी कोर्टात. कोल्हापूरला जायचं म्हणजे सांगोला-मिरज करत कंबर मोडायची.

काळाकोट | रात्री ८.४०

अंतर कमी झालंय हो, मुंबईपेक्षा बरंच. आणि पक्षकाराचा मुंबईतला राहायचा खर्च वाचतो. माझ्या एका अशिलाने पहिल्यांदाच स्वतःचं अपील स्वतःच्या कानांनी ऐकलं, मुंबईला तो कधी येऊच शकला नव्हता. पण रेल्वेचं तुमचं बरोबर.

व्यवस्थापक | रात्री ८.४५

कोल्हापूर सर्किट बेंचसाठी वेगळा धागा आहे, तिकडे चला. इथे ज्युरी.

एलएलबी_तिसरं_वर्ष | रात्री ९.०५

ज्युरी भारतात अजून थोडीशी शिल्लक आहे बरं का. पारशी विवाह कायदा, १९३६. पारशी जोडप्याच्या घटस्फोटात जजबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात आणि वस्तुस्थितीचा प्रश्न ते ठरवतात. म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणात ज्युरी, आणि खुनात नाही.

कडकभाकरी | रात्री ९.१२

नवरा-बायकोच्या भांडणात पाच माणसं! आमच्याकडं तर अख्खा वाडा बसायचा.

निवृत्त_शिरस्तेदार | रात्री ९.३०

पाळणासाहेब, एक व्यवहाराचं सांगू? त्या कोर्टात नकलेसाठी अर्ज करा, तुमच्या साक्षीची नक्कल काढा. साक्षीदाराच्या वागणुकीबद्दल जजला काही महत्त्वाचं वाटलं तर त्याने शेरा नोंदवावा अशी तरतूद आहे, १९७३ च्या संहितेत २८० कलम. ती याच्यासाठीच, की पुढं वाचणाऱ्याला, वरच्या कोर्टाला, थोडं तरी कळावं समोर उभा असलेला माणूस कसा बोलत होता. बहुतेक साहेब लिहीत नाहीत. पण तुमचे पहिले साहेब पाणी विचारणारे होते, त्यांनी लिहिलं असेल तर तुमच्या मनाला तेवढंच समाधान.

गड्ड्यावरचा_पाळणा | रात्री ९.५०

हे माहीतच नव्हतं काका. ओळखीच्या वकिलांना उद्याच सांगतो.

गड्ड्यावरचा_पाळणा | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

धागा वर आणतोय. नक्कल मिळाली. अडीच पानं. माझी अख्खी साक्ष अडीच पानांत बसली, मला वाटत होतं दोन तास बोललो.

काका, शेरा आहे. पहिल्याच साहेबांचा. उलटतपासणीत "निवेदन तुमच्यासमोर झाले हे खरे आहे काय" या प्रश्नाच्या उत्तरानंतर कंसात: "साक्षीदार उत्तर देण्यास वेळ घेतो." एवढंच.

आता सगळं आठवलं. त्या वेळी बाहेर व्हरांड्यात शिपाई दुसऱ्या केसचा पुकारा करत होता. तीनदा, आणि आवाज असा की छप्पर उडावं. मला प्रश्नच ऐकू आला नव्हता. वकिलांनी पुन्हा विचारला, मग मी उत्तर दिलं. साहेब समोरच होते, पुकारा त्यांनाही ऐकू आला असणार. त्यांच्या डोक्यात त्या शेऱ्याचा अर्थ वेगळा असेल. तिसऱ्या साहेबांनी पाच वर्षांनी ती ओळ वाचली आणि त्यांना "सत्य लपवीत असल्याचे" दिसलं.

काळाकोट | रात्री १०.४०

😶

मागवाला_साखरपेठ | रात्री १०.५२

आजीची आठवण आली बघा.

निवृत्त_शिरस्तेदार | ५ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

३४ वर्षांत किती पुकारे ऐकले असतील. एकदाही कुणी पुकारा लिहून घेतलेला बघितला नाही.